ताप उतरल्यानंतर

आषाढ सरत आलाय, साल २००६. गंगाखेड तालुक्यातलं गोदाकाठचं एक गाव. एका चाळिशीतल्या बाईच्या देहात तुम्हाला जाग येते. गावच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही तिच्या अंगात आलाय. घाबरू नका, लिंबू आणि अंगारा घेऊन लगेच कुणी मागे लागणार नाही. ते पोळ्यानंतर.

काल दुपारपर्यंत तुम्ही सोयाबीन निंदत होतात. दिवस कलला तशी हुडहुडी भरली. रात्री दोन गोधड्या, वर नवऱ्याचं घोंगडं, तरी दात वाजत होते. पहाटे उठायला जाता तर घोटे आणि गुडघे जागचे हलत नाहीत. भिंत धरून कसंबसं चुलीपुढे येऊन बसता. परातीत ज्वारीचं पीठ घेता, मळायला जोर लावता आणि मनगटातून अशी कळ जाते की हात आपसूक मागे येतो. भाकरी थापायची तर तळहात सपाट पडायला हवा, बोटं सुटी हवीत. तुमची बोटं सुजून गाजरासारखी झालीत. पहिली भाकरी तव्यापर्यंत जाण्याआधीच फाटते. दुसरी तुम्ही करतच नाही. थोरली पोर काही न बोलता परात आपल्याकडे ओढून घेते.

गल्लीत बघा. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, कंबरेत वाकून माणसं चाललीत. त्यात तरणे गडीही आहेत. परसाकडे गेलेली म्हातारी उठता येईना म्हणून हाका मारतेय. पोरं हसतात, आणि चार दिवसांनी तीच पोरं वाकून चालतात. पेपरात रोगाचं नाव येतं, चिकुनगुन्या. फेब्रुवारीत नवापूरच्या कोंबड्यांना बर्ड फ्लू झालेला, तो अजून डोक्यात ताजा. त्यामुळे नावातलं ‘चिकन’ ऐकून काहींनी कोंबडी सोडली. कोंबडी बिचारी या प्रकरणात निर्दोष. गुन्हेगार तुमच्या न्हाणीजवळच्या रांजणात आहे. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी, म्हणून भांडंन् भांडं भरून ठेवायचं. त्या पाण्यात अळ्या वळवळतात आणि त्यांतून पायांवर पांढरे पट्टे असलेला, भरदिवसा चावणारा डास उडतो.

महाराष्ट्राला हा विषाणू नवा नव्हे. १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेली, आणि मग तीस वर्षं त्यानं तोंड दाखवलं नाही. यंदा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत रक्त तपासलं तेव्हा परत आलेला पाहुणा आफ्रिकी कुळीचा निघाला. देशभरात या एका वर्षात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले जातील.

प्रवासी म्हणून तुम्हाला एक सवलत आहे: कातडीच्या आत बघता येतं. बघा. सांध्यांमध्ये रोगप्रतिकारक पेशी विषाणूवर तुटून पडल्यात आणि लढता लढता रसायनं सोडतायत. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ अशी त्यांची नावं. गुडघा सुजवून ती थांबत नाहीत. रक्तात मिसळतात, पोटा-छातीतून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला चेतवतात, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला खबर देतात. मेंदूच्या आतल्या राखणदार पेशी जाग्या होतात. ट्रिप्टोफॅन नावाचं द्रव्य, ज्यापासून सेरोटोनिन बनतं, ते दुसऱ्याच वाटेला वळवलं जातं. आणि मग ताप चढतो, भूक मरते, अंग जड होतं, माणसं नकोशी वाटतात. शेजारीण विचारपूस करायला दारात आली आणि तुमच्या मनात ‘ही कशाला आली’ असं आलं, त्याला तुमचा स्वभाव जबाबदार नाही. वरून हुकूम आलाय, पडून राहा म्हणून.

गोठ्यातला बैल आजारी पडला तर तुमचा नवरा थर्मामीटर शोधत नाही. रवंथ चालू आहे का बघतो, कान पडलेत का बघतो, नाकपुडीला हात लावून ती कोरडी आहे की ओली ते बघतो. बेंजामिन हार्ट या अमेरिकी पशुवैद्यक संशोधकानं १९८८ मध्ये हेच शास्त्रीय भाषेत मांडलं: आजारी जनावराचं गप्प पडून राहणं म्हणजे त्याची हार नव्हे, ती जगण्याची तजवीज असते. ताप चढवायला शक्ती लागते, ती हिंडण्या-चरण्यात उधळायची नाही. जिंतूर-पालमच्या गुराख्यांना यात नवं काही वाटलं नसतं. फक्त बैलाला कुणी आळशी म्हणत नाही.

पोळा आला. ताप आठ दिवसांतच उतरला होता. सकाळी मूठ अजून वळत नाही, पण त्याचं काय, गावात निम्म्यांची वळत नाही. दुसरं काहीतरी आहे जे उतरलेलं नाही. पोरं बैलाची शिंगं रंगवून तुम्हाला दाखवायला आणतात आणि तुम्हाला काही वाटत नाही. पुरण शिजल्याचा वास येतो, काही वाटत नाही. पहाटे तीनला जाग येते, मग पत्र्याकडे बघत उजाडतं.

“ताप तर कवाच उतरला की,” सासू म्हणते. “आता काहून पडून राहायलीस?”

“काय न्हाई, आत्याबाई.”

“काय न्हाई म्हणून कसं? लेकराकडं ध्यान न्हाई, चुलीकडं ध्यान न्हाई. बाहेरचं काय लागलंय का बघून घेऊ एकडाव.”

मग ते लिंबू येतं, आणि अंगारा. त्यानंतर गंगाखेडचा दवाखाना. डॉक्टर वाईट नाही. कोणकोणते सांधे दुखतात ते नीट विचारतो, इंजेक्शन देतो, गोळ्या देतो, महिन्यानं या म्हणतो. दाराबाहेर रांग आहे आणि रांगेतल्या प्रत्येकाचे गुडघे दुखतायत. झोप लागते का, जीव रमतो का, हे तो विचारत नाही आणि तुम्ही सांगत नाही. असल्या तक्रारींसाठी डॉक्टर असतो हे तुम्हाला कुणी कधी सांगितलेलं नाही. राज्याची मनोरुग्णालयं तेव्हा चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतलं एकही नाही.

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर याच साथीत एक-तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या आजारी पडली. तिथल्या संशोधकांनी दोन वर्षांनी लोकांना पुन्हा गाठून विचारलं. ज्यांना चिकुनगुन्या होऊन गेला होता त्यांच्यात सांधेदुखीबरोबर थकवा, उदासी, लक्ष न लागणं या तक्रारी न झालेल्यांपेक्षा जास्त निघाल्या. गंगाखेडच्या त्या बाईला हे कळायचा काही मार्ग नव्हता. तुम्हाला आहे. तिचा प्रश्न उचला आणि निघा: ताप उतरला, मग मन का वर येईना?

जवळचा थांबा आधी. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा, तेरावं शतक, देवगिरीच्या यादवांचं राज्य. दगडी देवळं इथे आजही उभी आहेत आणि लोक त्यांना हेमाडपंती म्हणतात, यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावरून. हा हेमाद्री वैद्यकातलाही जाणकार. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्यानं आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली. त्याच्या परंपरेला तापाचं कोडं पडलेलंच नाही. चरकानं ज्वर म्हणजे देह, इंद्रियं आणि मन या तिघांनाही तापवणारा रोग असं सांगून ठेवलंय, आणि सन्निपातात माणूस बरळतो हे खेड्यातल्या आजीलाही माहीत असतं. यावरून ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ अशी आरोळी ठोकायची गरज नाही. इंटरल्यूकिन काही त्यांना दिसलेलं नव्हतं. पण शरीराचा रोग एका खोलीत आणि मनाचा दुसऱ्या खोलीत, अशी भिंत त्यांनी घातली नव्हती. ती नंतरच्या लोकांनी घातली.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो. पुढचा थांबा जर्मनीच्या शेजारी, व्हिएन्नात. जून १९१७. पहिलं महायुद्ध चालू आहे. या खेपेला तुम्ही ३७ वर्षांचे नट आहात, आणि तुमच्या डोक्याचा पार भुगा झालाय. उपदंशाचे जंतू, आपल्याकडे ज्याला लोक गरमी म्हणतात त्या रोगाचे, मेंदूत शिरलेत. संवाद आठवत नाहीत, हात थरथरतात. तुमच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस स्वतःला सम्राट समजतो. युरोपातली वेड्यांची इस्पितळं तुमच्यासारख्यांनी भरलेली आहेत आणि तुम्हा सगळ्यांचा शेवट ठरलेला आहे: काही वर्षांत अर्धांग, मग मरण. चारच वर्षांपूर्वी, १९१३ मध्ये, नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत ते जंतू प्रत्यक्ष दाखवले. म्हणजे वेड म्हणून जे समजलं गेलं, ते निदान या खाटांवर तरी संसर्गाचं काम होतं.

डॉक्टर येतो. युलियस वाग्नर-याउरेग, भरघोस मिशा, बोलणं कमी. एका रुग्ण बाईला विसर्प, म्हणजे कातडीचा संसर्ग, झाला, कडकडून ताप चढला आणि त्यानंतर तिचं वेड निवळलं, हे त्यानं तीस-एक वर्षांपूर्वी पाहिलं होतं. तेव्हापासून तो मुद्दाम ताप आणण्याच्या मागे आहे. मॅसिडोनियाच्या आघाडीवरून हिवताप घेऊन आलेला एक सैनिक त्याच्या वॉर्डात आहे. त्याच्या नसेतून काढलेलं रक्त तुमच्या दंडावर कातडी खरवडून चोळलं जातं. तुम्हाला कुणी विचारत नाही. त्या काळी विचारायची पद्धत नाही. काही दिवसांनी थंडी वाजते. ताप चाळीसच्या वर जातो, घाम फुटून उतरतो, परत चढतो. अशा बऱ्याच पाळ्या झाल्या की क्विनाईन. आणि मग एका सकाळी एक आख्खा संवाद तुम्हाला ओळीनं आठवतो.

नऊ जणांवर त्यानं हे केलं. सहा जणांत सुधारणा दिसली, त्यांतले काही पुन्हा घसरले. पुढे जगभर हा उपचार पसरला, त्यात माणसं दगावलीही, आणि १९२७ मध्ये वाग्नर-याउरेगला वैद्यकाचं नोबेल मिळालं. मानसोपचारातल्या माणसाला मिळालेलं ते पहिलं. पेनिसिलीन आल्यावर हिवतापाची गरज संपली. (हाच डॉक्टर पुढे वंशशुद्धीच्या आणि नाझींच्या कच्छपी लागला, हेही नोंदवून ठेवायला हवं.) गंगाखेडचा प्रश्न इथे उलटा होतो. तिकडे तापानं मन बुडालं, इकडे तापानं वर काढलं. म्हणजे अंगातला हा वणवा सरसकट वैरीही नाही.

एक वर्ष पुढे आणि परत घरी. परभणी, १९१८ चा पावसाळा संपताना, निजामाचं राज्य. तुम्ही स्टेशनावरचे हमाल. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीतून माल उतरतो, सरकारी कागद उतरतात, आणि यंदा मानमोडीही, म्हणजे फ्लूची साथही, उतरली आहे. मुंबईला ती जूनमध्येच आली होती. आता दुसऱ्या फेरीत ती तरण्याताठ्यांना उचलतेय. पाऊस दगा देऊन गेलेला, ज्वारी करपलेली. या साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या वर माणसं गेली असा इतिहासकारांचा हिशोब आहे. तुम्ही वाचता. पण गाडी आली तरी उठून हात पुढे करावासा वाटत नाही. सोबतीचे म्हणतात, याचं डोकं गेलं.

याच शरद ऋतूत तिकडे अमेरिकेत, बोस्टनच्या मनोरुग्णालयात, कार्ल मेनिंगर नावाचा तरुण डॉक्टर फ्लूनंतर वेड लागलेल्या माणसांची यादी करतोय. शंभर जण. कुणी भ्रमात, कुणी खोल उदासीत, कुणाला भास. काही वर्षांनी त्यानं मागोवा घेतला तेव्हा, कायमचं वेड असा शिक्का बसलेल्यांपैकी बरेच जण बरे झालेले आढळले. हे त्या काळच्या समजुतीला धरून नव्हतं. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाची नोंद ही वाटते, कारण तीत ‘हे परतवता येतं’ असं पहिल्यांदा दिसतं.

त्याच सुमाराला ट्रेंटन, न्यू जर्सी. इथे फार वेळ थांबायचं नाही. तुम्हालाच थांबवणार नाही. हेन्री कॉटन हा तिथल्या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख. त्याच्या मते वेड म्हणजे शरीरात कुठेतरी दडलेला संसर्ग, बस्स, विषय संपला. म्हणून तो तुमचे दात उपटतो. सुधारलं नाहीत तर टॉन्सिल. तरीही नाही, तर मोठं आतडं. त्याचा दावा, शंभरातले ८५ बरे होतात. बाल्टिमोरहून फिलिस ग्रीनेकर ही डॉक्टर चौकशीला आली, तिनं नोंदी तपासल्या, तर उलटंच: आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर माणसं मोठ्या संख्येनं मरत होती. तिचा अहवाल वरिष्ठांनी दाबला आणि कॉटनचं काम चालू राहिलं. त्यानं स्वतःच्या मुलांचेही दात काढले होते, म्हणजे लबाड नसावा, खरंच विश्वास असावा. तो प्रकार लबाडीपेक्षा भयंकर. हल्ली ‘सगळ्या रोगांचं मूळ आतड्यात’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पाठवलं की ट्रेंटन आठवावं.

आता भराभर. २०१३, अटलांटा. एमरी विद्यापीठात चार्ल्स रेझन आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर सांधेदुखीचं एक औषध वापरून पाहिलं, टीएनएफला रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब. सरासरी काढली तर निकाल शून्य, खोटं औषध आणि खरं औषध सारखंच. पण ज्यांच्या रक्तात सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन ५ च्या वर होतं त्यांना बरं वाटलं, आणि ज्यांचं कमी होतं त्यांना खोट्या औषधानंच जास्त बरं वाटलं होतं. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर नैराश्याच्या साधारण चौघांतल्या एकातच सीआरपी ३ च्या वर सापडतं. तिघांचं दुखणं वेगळ्या वाटेचं आहे. ब्रिस्टल परिसरातल्या मुलांमध्ये, नऊ वर्षांच्या वयात ज्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ सर्वांत जास्त होतं, त्यांना अठराव्या वर्षी नैराश्य असण्याची शक्यता सर्वांत कमी असलेल्यांच्या सुमारे दीडपट निघाली. म्हणजे काहींत आग आधी, उदासी नंतर.

वाट उलटीही चालते. प्रयोगशाळेत माणसाला अनोळखी परीक्षकांसमोर उभं करून भाषण करायला लावतात, मग तोंडी वजाबाकी. नंतर रक्त घेतात, तर इंटरल्यूकिन-६ चढलेलं. लहानपणी हाल सोसलेल्या नैराश्याच्या रुग्णांत ते आणखी चढतं. पीककर्जाचं नवंजुनं करायला बँकेत साहेबापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचं रक्त कुणी घेत नाही; घ्यायलाही नको, त्याच्याकडे बघितलं तरी कळतं. आणि सीआरपी उतरवून कर्ज उतरत नाही, एवढं भान हा विषय लिहिताना सोडता कामा नये.

एप्रिल २०२१, परभणी शहर. ती बाई आता पंचावन्नची आहे आणि तुम्ही परत तिच्यात. कोरोनाची दुसरी लाट. बाहेर चाळिशी पार केलेलं ऊन, दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलगा फोनवर कुणाला तरी सांगतोय: “सीआरपी वाढलाय, स्कोर अकरा हाये.” १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. नव्वद वर्षं ते डॉक्टरांच्या कागदावरच राहिलं, आणि एका उन्हाळ्यात मानवत-सेलूच्या पारावर जाऊन बसलं. पहिल्यांदाच आख्ख्या जिल्ह्याला ठाऊक झालं की अंगातला दाह मोजता येतो, त्याला आकडा असतो.

तुम्ही वाचता. घरी येता. आणि पंधरा वर्षांपूर्वीचं ते सगळं ओळखीच्या वाटेनं परत येतं: पहाटे तीन, पत्रा, पुरणाच्या वासानं काही न वाटणं. या खेपेला तर वासच येत नाही, त्यामुळे घरचे त्याकडेच बोट दाखवतात. इटलीत मिलानच्या सान राफाएले रुग्णालयात कोरोनातून उठलेल्या ४०२ जणांना महिन्याभरानं तपासलं होतं. निम्म्याहून अधिक जणांत नैराश्य, चिंता, निद्रानाश यांसारखं काही ना काही होतं, आणि रक्तातल्या दाहाच्या खुणा जितक्या जास्त तितकं नैराश्य जास्त.

शेवटचा थांबा, आत्ताचा. घराच्या ओट्यावर आशाताई, गावच्या आरोग्य स्वयंसेविका, बसल्यात, मांडीवर कागद. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये राज्यानं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, परभणी त्यात आहे. घरोघर जाऊन मनाची चौकशी करणं तेव्हापासून आशांच्या कामात आलं. मनाचं बोलायला १०४ वर फोन करता येतो. २०२२ पासून टेलिमानस या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीतून बोलतात. गंगाखेडच्या त्या दवाखान्यात २००६ साली यातलं काहीच नव्हतं.

“मावशी, झोप लागती का?”

“लागती. तीनला मोडती.”

“कामात मन लागतंय का? कशात रस वाटतो का?”

तुम्ही थोडा वेळ काही बोलत नाही. मग जे बोलता ते विचारल्याला धरून नाही.

“गुडघे लई दुखत्यात बाई. त्या चिकुनगुन्यापसून. गुडघे धरले की मन बी धरतंय.”

आशाताई कागद वरून खाली बघतात. नैराश्य मोजायच्या जगभर चालणाऱ्या नऊ प्रश्नांत झोप आहे, भूक आहे, थकवा आहे, मरणाचा विचार आहे. सांध्यांचा प्रश्न नाही. तिकडे हाडांच्या ओपीडीतल्या केसपेपरवर झोपेचा नाही.

“गुडघ्याचं ह्यात न्हाई ओ मावशी,” त्या म्हणतात. “पण थांबा, बाजूला लिहून ठेवते. शुक्रवारी सोबत चला, दोन्ही डॉक्टर त्या दिवशी असत्यात. दोघांनाबी हाच कागद दाखवू.”

“शुक्रवारी कापूस वेचायचाय.”

“मग सोमवारी.”

“सोमवारी बघू.”

“बघू न्हाई, मावशी. साडेनवाची एसटी हाये. मी फाट्यावर थांबते.”